माळकरी बाबांना घेऊन पोर्टोला जावं का?

डोमेलकाठ | १२ मे, रात्री ९:४०

मंडळी, थोडा सल्ला हवाय. आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आइंडहोवनला आलेत. जूनच्या शेवटच्या आठवड्याआधी चार दिवस पोर्तुगालला जायचं ठरलं होतं. मी लिस्बन म्हणत होतो, बायकोला पोर्टोची तिकिटं स्वस्तात मिळाली आणि तिने काढूनही टाकली. परत मिळणारी नाहीत.

अडचण अशी की बाबा माळकरी. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, निवृत्त झाल्यापासून दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. यंदाही प्रस्थानाआधी परत पोचायचं या अटीवरच इकडे आलेत. काल जेवताना गावाचं नाव सांगितलं. रात्री त्यांनी फोनवर शोधाशोध केली असणार, कारण सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "त्या गावाचं नाव दारूवरनं पडलंय का रे?"

मी म्हटलं, उलटं आहे बाबा, दारूचं नाव गावावरनं पडलंय. याने परिस्थिती सुधारली असं वाटत नाही.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा: न पिणाऱ्या, मांस-अंडं न खाणाऱ्या दोन सत्तरीच्या माणसांनी चार दिवस तिथे करायचं काय? नुसते वाईनचे तळघरच आहेत का?

---

खवचट_खंडू | १२ मे, रात्री ९:५२

पोर्ट म्हणजे बंदर. बंदर दाखवायला नेतोय म्हणा. खोटंही नाही आणि पापही नाही.

---

नर्मदेतला_गोटा | १२ मे, रात्री १०:३०

खंडू, चेष्टेत बरोबर बोललास. रोमन काळात इथे 'पोर्तुस काले' नावाचं बंदर होतं, त्यावरून पुढे अख्ख्या देशाचं नाव पोर्तुगाल झालं. तेव्हा बाबांना सांगा, या गावावरून आधी देशाचं नाव पडलं, दारूचं नंतर.

आता खरी गंमत. पोर्ट वाईन पोर्टोत बनत नाही. मुरतही नाही. द्राक्षं पिकतात शंभरेक किलोमीटर वर, दोरो नदीच्या खोऱ्यात. तिथे उन्हाळा इतका कडक की तिकडची म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. त्या उष्णतेत वाईन नीट मुरत नाही, म्हणून हिवाळा उलटला की पिंपं नदीतून खाली आणायची. ती उतरायची पोर्टोच्या समोरच्या काठावर, विला नोव्हा द गाया या गावात. हे गाव वेगळं, नगरपालिका वेगळी. उत्तरेकडे तोंड असलेला उतार, समुद्र जवळ, हवा दमट आणि गार. तिथे ओळीने वखारी आहेत, कौलांवर कंपन्यांची नावं मोठ्या अक्षरांत. १९८६ पर्यंत तर नियमच होता की पोर्ट निर्यात व्हायची ती गायामधूनच.

म्हणजे पोर्टोच्या काठावर बसून पलीकडे दारूच्या वखारी बघायच्या. नाव या काठाला, माल त्या काठाला. बाबांनी पूल ओलांडलाच नाही तर ते तांत्रिकदृष्ट्या निष्कलंक.

---

पणजीकर | १२ मे, रात्री ११:०५

पोर्ट म्हटलं की आम्हां गोंयकारांना वेगळंच आठवतं. आमच्याकडे दुकानात जी स्वस्त गोड लाल 'पोर्ट वाईन' मिळते तिचा आणि दोरो नदीचा संबंध तेवढाच, जेवढा चायनीज भेळेचा आणि चीनचा. युरोपात हे नाव लावून विकली तर केस होईल. पण माझी आजी रोज रात्री औषधाच्या टोपणाने दोन टोपणं घ्यायची. बाळंतिणीलाही द्यायचे, 'रगत वाडटा' म्हणून. आजी नव्वदी पार करून गेली. मी काही निष्कर्ष काढत नाही.

पहिल्यांदा पोर्टोत खरी प्यायलो तेव्हा वाटलं, ही आजीच्या औषधाची श्रीमंत मावशी.

---

वसईची_तोफ | १३ मे, सकाळी ७:१५

कौतुक चालू द्या. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, ज्यांनी चालवलं, देवळं पाडली, त्यांच्या शहराला पैसे मोजून जायचं आणि वर वाईनच्या गप्पा. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली ती यासाठी नव्हे.

---

पणजीकर | १३ मे, सकाळी ९:२०

तोफ, माझ्या गावची देवी रातोरात पलीकडच्या तालुक्यात न्यावी लागली होती, तेव्हा मला इतिहास शिकवू नका. राग मलाही आहे. पण पोर्टोत फुटपाथवर चेस्टनट भाजणाऱ्या म्हातारीवर तो काढून काय करू? आणि वसई जिंकल्यावर तिथली मोठी घंटा तुमच्या लोकांनी उचलून आणून देवळात टांगलीच की. चांगली होती म्हणूनच ना?

---

वसईची_तोफ | १३ मे, सकाळी ९:४१

घंटा जिंकून आणली होती. तिकीट काढून नव्हे.

---

खवचट_खंडू | १३ मे, सकाळी ९:४४

परतावा न मिळणारं तिकीट हीही एक प्रकारची मोहीमच आहे.

---

कृष्णेचा_पूर | १३ मे, दुपारी १:१०

डोमेलकाठ, तुमचे वडील पाटबंधारे खात्यातले आहेत आणि तुम्ही विचारताय करायचं काय? अहो, हे शहर त्यांच्यासाठीच बांधलंय!

मी सांगलीचा, स्थापत्य अभियंता, पोर्टोत कामानिमित्त तीन महिने होतो. एक घोटही न घेता सांगतो, मला परत यावंसं वाटत नव्हतं, ते पुलांमुळे.

आधी मारिया पिया. १८७७ साली आयफेलच्या कंपनीने बांधलेला रेल्वेचा पूल, १६० मीटरची एकच लोखंडी कमान. पॅरिसचा मनोरा त्यानंतर बारा वर्षांनी. १९९१ पासून त्यावरून गाडी जात नाही, पण उभा आहे. या पुलाच्या कामात आयफेलचा भागीदार होता तेओफिल सेरिग. पुढे दोघांचं फाटलं. नंतर रस्त्याच्या पुलाचं काम निघालं तेव्हा आयफेलचा आराखडा नापास झाला आणि बेल्जियमच्या कंपनीकडून उतरलेल्या सेरिगचा पास झाला! तोच तो लुईस पूल, १८८६ चा, सगळ्या फोटोंत दिसतो तो. कमान १७२ मीटर, आणि एका कमानीला दोन मजले. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि पायी माणसं, खालच्यावरून गाड्या आणि पायी माणसं. वरून थेट टेकडीवरच्या गावात उतरता, खालून नदीकाठी. बोलीत साहेबाला हरवणारा जुना भागीदार, हे तर आपल्या खात्यातल्या कुठल्याही माणसाला लगेच कळेल.

आणखी खाली समुद्राकडे अर्राबिदा, १९६३ चा. काँक्रीटची कमान २७० मीटर, त्या वेळी जगात सर्वांत मोठी. एडगर कार्दोसो नावाच्या पोर्तुगीज अभियंत्याने केला.

नदीकाठच्या भिंतींवर पुराच्या खुणाही आहेत. १९०९ ची बघून मी मुकाट उभा राहिलो. आमच्या आयर्विन पुलाची पातळी रेडिओवर ऐकत वाढलेला माणूस मी. दुकानदाराला त्या खुणेकडे बोट दाखवून विचारलं, त्याने आधी हात डोक्याच्या वर नेला, मग खांदे उडवले. भाषा लागली नाही.

---

सुलभा_ताई | १३ मे, दुपारी २:०२

पूल वगैरे ठीक आहे, पण त्या पुलाच्या पायथ्याशी, रिबेइरा या नदीकाठच्या जुन्या भागात, एक छोटी ब्राँझची पाटी आहे तिथे थांबा. 'आल्मिन्याश दा पोंते', पुलावरचे जीव. आत्ताचा पूल नव्हता तेव्हा होड्या एकमेकींना बांधून पूल केलेला होता. २९ मार्च १८०९ ला फ्रेंच सैन्य शहरात घुसलं, लोक जीव घेऊन पळाले, सगळे एकदम त्या होड्यांवर. पूल तुटला. हजारो माणसं बुडाली. आजही लोक तिथे मेणबत्त्या लावतात. मी गेले तेव्हा एक शाळकरी मुलगी दप्तरासकट गुडघ्यावर बसून विझलेली मेणबत्ती शेजारच्या मेणबत्तीवर पेटवत होती.

---

मोडी_वाचक | १३ मे, सायंकाळी ६:३०

ताईंनी १८०९ चा विषय काढलाच आहे, तर पुढची गोष्ट सांगतो, कारण तिचं एक टोक आपल्या जालना जिल्ह्यात आहे.

२३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळ असई. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर एक इंग्रज सेनापती केळणा नदीकाठी येऊन अडकला. वाटाडे सांगत होते, उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. म्हणाला, शेजारची गावं आहेत म्हणजे ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. होता. त्यावरून फौज पार केली आणि लढाई जिंकली. नाव आर्थर वेलस्ली. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आता १२ मे १८०९, पोर्टो. पुन्हा तोच माणूस, पुन्हा नदी. पलीकडे फ्रेंच मार्शल सूल्ट. त्याने होड्यांचा पूल उडवला, सगळ्या होड्या आपल्या काठाला ओढून घेतल्या आणि निवांत राहिला, इंग्रज आले तर समुद्राकडून येतील म्हणून. वेलस्ली गायाच्या बाजूला टेकडीवरच्या मठात उभा. इतक्यात त्याच्या एका अधिकाऱ्याला एक न्हावी भेटला, जो रात्री छोट्या होडीतून गुपचूप पलीकडून आला होता. त्याने सांगितलं, पलीकडे चार मोठ्या होड्या बिनपहाऱ्याच्या पडल्यात. त्या होड्या कसल्या? वाईनची पिंपं वाहणाऱ्या! त्या आणल्या आणि एका खेपेला तीसेक शिपाई असे दिवसाढवळ्या पार केले. फ्रेंचांना कळेपर्यंत पलीकडची एक भक्कम इमारत इंग्रजांच्या ताब्यात होती. संध्याकाळपर्यंत शहर घेतलं. असं सांगतात की सूल्टसाठी शिजवलेलं जेवण वेलस्ली जेवला.

नदी कुठे ओलांडता येते हे सैन्याला नाही, गावकऱ्याला माहीत असतं, हे त्या माणसाला आपल्याकडे कळलेलं होतं, असं आपलं माझं मत.

---

वसईची_तोफ | १३ मे, सायंकाळी ६:५८

हा प्रतिसाद आवडला. असईचा सल मात्र गेला नाही.

---

शब्दवेडी | १३ मे, रात्री ८:१५

सगळे जण 'पिंप' 'पिंप' म्हणताय, कुणाच्या लक्षात आलंय का, की तो शब्दच तिकडचा आहे? पोर्तुगीजात 'पिपा', म्हणजे लाकडी पीप. पोर्टच्या धंद्यात आजही मोजणी पिपांत चालते, दोरोतलं एक पिपा ५५० लिटरचं. आपण त्यात पाणी भरून ठेवलं, त्यांनी वाईन. घमेलं, बादली, चावी, साबण, लिलाव, नाताळ ही सगळी त्याच जहाजातून उतरलेली मंडळी.

आणि गोटेभाऊंनी 'वखार' लिहिलं ते फार आवडलं. पोर्टोत इंग्रज व्यापाऱ्यांची चक्क वखार आहे, 'फेइतोरिया इंग्लेझा', अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. आपल्या राजापूर-सुरतेच्या वखारींची चुलत बहीण, फक्त ही अजून चालू आहे. तिथे एकासारखी एक अशी दोन जेवणघरं आहेत. एकात जेवायचं, मग उठून दुसऱ्यात जाऊन बसायचं आणि पोर्ट घ्यायची, म्हणजे तिच्या वासात जेवणाचा वास मिसळत नाही.

---

खवचट_खंडू | १३ मे, रात्री ८:२१

सोवळ्यातली पोर्ट!!

---

गोदाकाठ | १३ मे, रात्री १०:४५

मी नाशिकचा. घरची द्राक्षबाग, पाच वर्षं एका वायनरीत तळघराचं काम केलंय आणि एका हंगामात दोरो खोऱ्यात पिन्यांव गावाजवळ तोडणीला होतो. थोडं लांबेल.

आपल्याकडे काळी जमीन, ठिबक, मांडव. तिथे जमीन म्हणावी असं काही नाहीच. पाटीसारखा थरांचा खडक, तो सुरुंगाने आणि पहारीने फोडून केलेल्या पायऱ्या. वेल त्या फटींतून मुळं खाली सोडतो. सप्टेंबरात दगड इतका तापतो की टेकून बसता येत नाही. डोंगराच्या काही पायऱ्या ओसाड दिसतात, नुसतं रान माजलेलं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेल मारले, त्या पायऱ्या पुन्हा कुणी लावल्याच नाहीत. तिकडे त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात. द्राक्षबाग गेलेल्या घरातला माणूस आहे मी, मला तो शब्द भाषांतर करून सांगावा लागला नाही.

आता पोर्ट गोड का? साध्या वाईनमध्ये यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, अर्धी साखर शिल्लक असताना, त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात, ७७ टक्क्यांची. एका पिपाचं जुनं माप म्हणजे ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर ही दारू. यीस्ट जागच्या जागी मरतं, साखर तशीच राहते, आणि वाईन २० टक्क्यांच्या आसपास जाते. वेळ चुकला की सगळं गेलं. आमच्या मुकादमाला घड्याळ बघताना मी पाहिलं नाही, तो पिंपाला कान लावायचा.

काही ठिकाणी अजून दगडी हौदात पायाने तुडवतात. मांडीपर्यंत रस, खांद्याला खांदा लावून एका ओळीत, पहिले दोन तास कुणीतरी 'एक-दोन, एक-दोन' ओरडत असतं आणि गप्पा मारायची बंदी. मग बाजा सुरू होतो आणि मोकळीक. पाय आठवडाभर जांभळे. विमानतळावर चप्पल काढायला लावली तेव्हा तिथला माणूस माझ्या पायांकडे बघतच राहिला.

---

नर्मदेतला_गोटा | १३ मे, रात्री ११:२०

वा गोदाकाठ! एक पुरवणी. इंग्रज इतके या वाईनच्या मागे का लागले? फ्रान्सशी भांडण. १७०३ च्या मेथ्युएन तहात ठरलं की पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी कर. धंदा इतका फुगला की भेसळ सुरू झाली, रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या काळ्या फळाचा रस घालायचे. मग १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा कारभारी मंत्री, पोंबालचा मार्किस, याने कंपनी काढली, खोऱ्याची हद्द आखली, ग्रॅनाइटचे ३३५ दगड रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. जगातलं पहिलं असं आखलेलं वाईनक्षेत्र.

---

मोडी_वाचक | १३ मे, रात्री ११:३४

पहिलं म्हणू नका, हंगेरीतलं तोकाय आधीचं आहे. आणि कंपनीचं पुण्यही एवढं गाऊ नका. शहरातल्या किरकोळ विक्रीचा मक्ताही तिनेच घेतला, गुत्तेवाले बुडाले, फेब्रुवारी १७५७ मध्ये दंगल झाली. पोंबालने कित्येकांना फासावर चढवलं.

---

नर्मदेतला_गोटा | १३ मे, रात्री ११:४०

'पहिल्या काहींपैकी'. मान्य. झोपा आता.

---

जरीकाठ | १४ मे, सकाळी १०:००

तुम्ही सगळे पुरुष, म्हणून एकानेही दोना अंतोनियाचं नाव घेतलं नाही.

अंतोनिया अदेलाइद फेरेरा, जन्म १८११. तिशी उलटते न उलटते तोच नवरा गेला. त्यानंतर या बाईने खोऱ्यातला धंदा असा उभा केला की किडीच्या काळातही नवीन बागा लावत राहिली. तिकडे आजही लाडाने 'फेरेरिन्या' म्हणतात.

गोष्ट १८६१ सालची. वालेइरा नावाची खडकाळ घसरण होती नदीत. तिथे होडी उलटली. होडीत ही बाई होती आणि जोसेफ जेम्स फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी होता, ज्याने या नदीचे नकाशे स्वतः काढले होते. फॉरेस्टर बुडाला, त्याचा देहही सापडला नाही. अंतोनियाबाई वाचल्या. लोक सांगतात, तिच्या घेरदार घागऱ्यात हवा भरली आणि ती तरंगली, आणि त्याच्या कमरेला नाण्यांचा पट्टा होता तो त्याला घेऊन गेला. खरं-खोटं नदीला माहीत. अख्ख्या नदीचा नकाशा काढणारा माणूस त्याच नदीत गेला आणि कपड्यांवरून ज्यांना नावं ठेवतात ती तरली, हे मी माझ्या सुनेला तीनदा सांगितलंय.

---

कृष्णेचा_पूर | १४ मे, सकाळी १०:४०

ती घसरण आता पाण्याखाली आहे. १९७० च्या दशकात तिथे धरण झालं. पोर्तुगालच्या हद्दीत दोरोवर अशी पाच धरणं ओळीने आहेत. पिंपं वाहणाऱ्या त्या जुन्या 'राबेलो' होड्या मात्र रेल्वे आणि रस्ते आल्यावर आधीच संपत आल्या होत्या. सपाट तळ, एक चौकोनी शीड आणि मागे झाडाएवढं लांब सुकाणूचं वल्हं. आता गायाच्या काठाला शोभेला बांधलेल्या असतात.

डोमेलकाठ, वडिलांना पोर्टोहून नदीने वर रेग्वा गावापर्यंत बोटीने न्या. वाटेत दोन धरणं लागतात, दोन्हींना जलपाश. बोट कोंडीत शिरते, मागचा दरवाजा बंद, खालून पाणी भरतं, बोट वर चढते. काररापातेलोला ३५ मीटर चढते! दहा-बारा मजले. परत रेल्वेने या, नदीच्या कडेकडेने. गाडी थेट साओ बेंतो स्थानकात येते, तिथे वीसेक हजार निळ्या टाइल्स आहेत. तेवढ्यात आईंनाही काहीतरी मिळेल बघायला.

---

पोटोबा | १४ मे, दुपारी १२:३०

शाकाहाराचं बोला की कुणीतरी. पोर्टोच्या लोकांना 'त्रिपेइरो' म्हणतात, म्हणजे वजडी खाणारे. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावर स्वारीला निघालेल्या आरमाराला शहराने चांगलं मांस देऊन टाकलं आणि स्वतःला आतडी ठेवली, अशी कथा. मोठ्या अभिमानाने सांगतात. 'फ्रान्सेझिन्या' नावाचं सँडविच म्हणजे तीन प्रकारचं मांस, वर चीज, वर बिअरचा रस्सा. बाबांना फोटोही दाखवू नका.

काय चालेल: 'काल्दो वेर्द', हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप. पण त्यात सॉसेजची चकती टाकतात आणि रस्साही कधी मांसाचा असतो, आधी विचारा. 'ब्रोआ', मक्याचा जाड पाव, आपल्या मक्याच्या भाकरीचा धाकटा भाऊ, भाजलेल्या मिरचीबरोबर झकास. 'पास्तेल द नाता' दिसायला निष्पाप, आत अंड्याचा बलक. सरळ सांगायचं तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि आइंडहोवनहून कुकर न्या.

---

फुटका_बुच | १४ मे, दुपारी ३:१५

सगळे सल्ले देताय म्हणून माझी कर्मकहाणी. गायाहून एक व्हिंटेज पोर्ट आणली, बऱ्यापैकी महागाची. पुण्यात स्वयंपाकघराच्या कपाटात उभी ठेवली, 'जुनी होऊ दे' म्हणून, गॅसच्या वरच्या कपाटात! दोन उन्हाळे गेले. मुलाच्या लग्नाला मोठ्या थाटात उघडली, तर बुचाचा भुगा, आणि वास आला तो लोणच्याच्या बरणीचा. शेजारच्या गोव्याच्या काकूंनी एक घोट घेतला, बाटली उचलली आणि घरी नेली. संध्याकाळी विंदालू आलं. म्हणाल्या, विंदालू म्हणजे मुळात वाईन आणि लसूणच रे, वाया काही गेलं नाही.

---

गोदाकाठ | १४ मे, दुपारी ४:००

व्हिंटेज आडवी ठेवायची, काका, अंधारात आणि गार. ज्याला हे जमत नाही त्याने टॉनी आणावी. दहा, वीस, तीस, चाळीस वर्षं असं लिहिलेली असते, पिंपातच जुनी झालेली, बाटलीत काही बदलायचं राहिलेलं नसतं. आणली की प्यायची.

---

लिस्बनवाली | १४ मे, रात्री ९:१०

मूळ प्रश्नावर येऊ या का? तिकिटं काढली नसती तर मी लिस्बनच म्हटलं असतं: जागा मोकळी, ऊन जास्त, खायला पर्याय जास्त. पोर्टो दगडी आहे, उतार भयंकर आणि ग्रॅनाइटचे गोटे. सत्तरीचे गुडघे असतील तर रिबेइरातून वर यायला गिंदाइशची केबलवर चालणारी रेल्वे आहे, गायात वरच्या बागेतून खाली काठावर यायला रोपवे. खाली पायी जा, वर कधीच पायी नका येऊ.

आणि तारखा कुठल्या? २३ जूनची रात्र त्यात येतेय का?

---

डोमेलकाठ | १४ मे, रात्री ९:२५

२१ ते २५. का? काय आहे २३ ला?

---

पणजीकर | १४ मे, रात्री ९:३१

हां हां हां. सांगू नका कुणी त्याला. साओ जोआओ, संत जॉनचा सण, आमचं सांजांव! आम्ही डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतो, ते काय करतात ते तुझा तू बघ. बाबांची टोपी घट्ट बसव.

---

डोमेलकाठ | २७ जून, रात्री १०:५०

परवा परतलो, काल आई-बाबांना विमानात बसवलं. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

पहिल्या दिवशी लुईस पुलाच्या खालच्या मजल्यावर बाबा एक तास दहा मिनिटं उभे होते. मी घड्याळ लावलं होतं. वरून मेट्रो गेली की कठड्यावर तळवा ठेवायचे. सेरिग आणि आयफेलची गोष्ट मी सांगितली, तर म्हणाले, "मग तो मनोरावाला याच्या उद्घाटनाला आला होता का?" मला उत्तर देता आलं नाही. मग सुलभाताईंनी सांगितलेल्या पाटीपाशी गेलो. आईने न विचारता दोन मेणबत्त्या लावल्या.

रेग्वाची बोट केली. कृष्णेचा_पूर, तुम्हाला साष्टांग. काररापातेलोच्या जलपाशात बोट शिरली, दरवाजा पडला, अंधारलं, आणि भिंतीवरून पाणी निथळत होतं. सगळे प्रवासी फोन वर धरून उभे. बाबा कडेला जाऊन ओल्या भिंतीवरचं शेवाळ कुठपर्यंत आहे ते बघत होते आणि शेजारच्या खलाशाला मराठीत समजावत होते की भरायला झडपा तळाशी असणार, म्हणून बोट हलत नाहीये. खलाशी 'सिं, सिं' करत होता. वर आलो आणि एकदम सगळीकडे द्राक्षांच्या पायऱ्या. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकासमोर पोर्टचा छोटा पेला होता. बाबांनी आपला उचलला, पालथा घातला आणि त्यावर चष्मा ठेवला. परत येईपर्यंत चष्मा तिथेच.

आता २३ ची रात्र. अख्खं शहर रस्त्यावर, जागोजागी सार्डिन भाजताहेत, आई नाकाला पदर लावून. आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा हातोडा, दाबला की पिपाणीसारखा वाजणारा, तो समोर येईल त्याच्या डोक्यावर मारायचा! पूर्वी म्हणे लसणीच्या लांब देठाने मारायचे, काही म्हातारे अजून तेच घेऊन फिरतात. एक आजी, बाबांच्याच वयाच्या, समोर आल्या, बाबांची पांढरी टोपी बघितली, थांबल्या, आणि अगदी हळू, जपून, टोपीच्या शेंड्यावर एक टपली दिली. पुंऽक. बाबांनी हात जोडले. आजींनी पण जोडले. मग दोघं हसली. पुढे बाबांनी हातोडा विकत घेतला, तीन युरो. मला किती बसल्या ते विचारू नका.

त्या रात्री रस्त्यावर छोट्या कुंड्या विकत होते, गोल कापलेलं बारीक पानांचं झुडूप, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोवलेली. 'मांझेरिकु' म्हणतात. बाबा वाकले नाक लावायला, तर विकणारी ओरडलीच. तिने स्वतःचा तळवा झाडावर अलगद फिरवला आणि हात हुंगून दाखवला. थेट नाक लावलं तर झाड सुकतं म्हणे. बाबांनी तसंच केलं. हात नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले, मग माझ्या नाकाशी धरला. "तुळशीच्या भावकीतलं आहे."

---

खवचट_खंडू | २७ जून, रात्री ११:०२

आणि तुम्ही? वखारीत गेलात की पेला पालथा?

---

डोमेलकाठ | २७ जून, रात्री ११:१०

वीस वर्षांची टॉनी. शेवटच्या रात्री, बाबा हरिपाठ म्हणून झोपल्यावर, गॅलरीत. आईने पेला हातात घेऊन वास घेतला, "मनुकांसारखा आहे की रे" म्हणाली आणि परत दिला.

---

शब्दवेडी | २८ जून, सकाळी ८:४०

मांझेरिकु आणि मंजिरी! कुणीतरी अडवा मला.

---

मोडी_वाचक | २८ जून, सकाळी ८:५५

अडवलं. नुसतं ध्वनिसाम्य असेल, पुराव्याशिवाय पुढे जायचं नाही.

---

वसईची_तोफ | २८ जून, सकाळी ९:३०

ती कुंडी जिंकून आणलीत ना?

---

डोमेलकाठ | ७ जुलै, रात्री ९:१५

कुंडी आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आज लोणंदहून बाबांचा फोन आला. मागे टाळांचा आवाज, नीट ऐकू येत नव्हतं. पाऊस कसा आहे, पाय कसे आहेत, सगळं झालं आणि ठेवता ठेवता विचारलं, पोर्टोच्या तुळशीला पाणी घातलंस का? घातलं म्हणालो. फोन ठेवला आणि जाऊन घातलं.